सात मिनिटं

अमरावती, ९ मे २०२५

हर्षा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी काय बोलणार ते तुला ठाऊक आहे. पंधरा वर्षं मिक्सर-प्रेस दुरुस्त करून फोनवर माझं तोंड गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखंच चालतं. 'होऊन जाते ना ताई, संध्याकाळी घेऊन जा.' म्हणून वही घेतली. दहावीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

मधूच्या ओठाची खपली पडली, असं नितेशने सांगितलं. जिभेचं तो काही बोलला नाही. दूध ओढते का? पाच महिन्यांच्या लेकराची जीभ लवकर भरून येते, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ते वाक्य रोज दहा वेळा मनात म्हणतो.

बावीस एप्रिलला जे झालं ते झालं. आईने बाटली पोरीच्या तोंडाला लावली, दूध कढत होतं, पोरगी भाजली. पण आईने मुद्दाम केलं नाही, एवढं तरी तू मानतेस ना? वय झालं तिचं. तू बँकेत जाण्याआधी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायचीस. ते दुपारी बाटली गरम करायच्या वॉर्मरमध्ये ठेवायचं आणि त्यावरचा लाईट गेला की काढायचं, काम एवढंच. पण माणूस आहे, लक्ष राहिलं नसेल.

मशीन चांगलं आहे. तुझ्या भावाने, नितेशने, तीनदा चालवून पाहिलं, थर्मामीटर घालून पाहिलं, तिन्ही वेळा लाईट वेळेवर गेला. तो पॉलिटेक्निकला शिकवतो, त्याच्यापुढे मी काय बोलावं? मीही तेच म्हणालो. आता ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं आहे.

आई चूप असते. दूध उतू गेलं तरी उठत नाही, मलाच गॅस बंद करावा लागतो. तिच्याकडे पाहून वाईट वाटतं. तू आलीस तर सगळं हळूहळू जागेवर येईल. तुझं अकोल्याचं माहेर काही लांब नाही, पण तू गेल्यापासून मला ते फार लांब वाटतं.

तुझाच,
गजेंद्र

अमरावती, २० मे

हर्षा,

नितेशचा फोन आला होता. तुझा निरोप त्याने शब्दाला शब्द सांगितला. 'आई त्या घरात असतील तोवर मी मधूला घेऊन तिथे पाय ठेवणार नाही.' मी 'बरं' म्हणालो. इतकं पटकन म्हणालो की तोही क्षणभर थांबला. त्याला वाटलं असेल, हा माणूस आईसाठी दोन शब्द तरी भांडेल.

काल आईला वलगावला मामाकडे सोडून आलो. उन्हाळाभर राहा, मामाच्या मळ्यात गारवा आहे, असं तिला सांगितलं. तिने एकदाही 'काहून' विचारलं नाही. दोन लुगडी आणि औषधांची पिशवी घेतली. मग स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे घड्याळ नेऊ का रे?" मी 'ने' म्हणालो. स्कूटरवर मागे बसून तिने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. 

मी परत निघताना ती म्हणाली, "हर्षाले सांगजो, मी गेली म्हणून. लेकराले आता घरी घेऊन ये म्हणा." खुशालमामा बाजूला उभा होता. आशामामीने मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना नितेशने सांगितलं तेवढंच माहीत आहे, म्हणजे म्हातारीने नात भाजली एवढंच.

दुकानात आज एक बाई कपड्यांची प्रेस घेऊन आली. लवकर तापत नाही, डायरेक्ट करून द्या म्हणाली. डायरेक्ट म्हणजे मधला थर्मोस्टॅट काढून तार थेट जोडून द्यायची. मग ती वस्तू भराभर तापते, पण तिला थांबवणारं आत कोणी राहत नाही. असं मी आजवर शेकड्यांनी करून दिलं आहे. त्या बाईवर मी इतका ओरडलो की शेजारचा चहावाला उठून आला. काय झालं, त्याने विचारलं. उन्हाने डोकं फिरलं, मी म्हणालो.

आई गेली, आता तरी तू येशील ना? घर अगदी रिकामं आहे. मी तिला नेऊन सोडलं हे तुला बरं वाटावं म्हणून लिहितो आहे, आणि लिहिताना मलाच माझी लाज वाटते आहे.

गजेंद्र

अमरावती, ३ जून

हर्षा,

काल तुझा आवाज ऐकला. पंधरा तारखेच्या रविवारी नितेश सोडायला येईल, असं तू म्हणालीस तेव्हा मी हातातला मिक्सरचा जार खाली ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मधू आता दोन्ही हातांनी स्वतःचे पाय धरते म्हणालीस. मला ते पाहायचं आहे. मी घर धुऊन काढलं, पडदे धुतले, तुझं कपाट कोणी उघडलेलंसुद्धा नाही.

आनंदाची बातमी म्हणून आईला सांगायला वलगावला गेलो. मामा मळ्याच्या बांधावरच भेटला. म्हणाला, "गजू, तुह्या मायचं काही खरं नाही. दिवसभर त्या घड्याळाले धरून बसते. चहा ठेवला का मोजते, भात ठेवला का मोजते. सात मिनिटं झाले का म्हणून मले इचारते." मी आत गेलो. घड्याळ चुलीसमोरच्या खिळ्याला टांगलं होतं आणि आई त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसली होती. बोटांच्या पेरांवर मोजत होती. मग वळून तिने काटा पाहिला.

"पाय ना रे," मला म्हणाली, "बरोब्बर सात. दरवेळी बरोब्बर येते. मंग त्या दिवशी कसं चुकलं असन?"

मी तिला तू येणार हे सांगितलं. ती हसली. "मले नको आनू तिकडं," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. मोठी नाही. ते मशीन मी एप्रिलमध्ये एकदा उघडलं होतं. पाण्याचा क्षार बसला होता, साफ करायला. त्यात एखादी तार इकडची तिकडे झाली असेल तर सांगता येत नाही. नितेशने पाहिलं तेव्हा बरोबर होतं, पण मशीनचं कोणी सांगावं. आईवर तेवढा राग ठेवू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

गजेंद्र

अमरावती, ७ जून

हर्षा,

मागचं पत्र खोटं आहे. मशीन मी साफ करायला उघडलं नव्हतं. मी ते डायरेक्ट केलं होतं.

आता ओळीने सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा काहीतरी सारवासारव करीन.

तू ते वॉर्मर मागवलंस तेव्हा मी किती हसलो होतो! 'दूध गरम करायला मशीन, उद्या ढेकर काढायलाही मशीन आणशील.' आईसुद्धा हसली होती. गंजात गरम पाणी घ्यावं, त्यात बाटली उभी करावी, झालं, असं तिचं म्हणणं. पण तू तिला समजावलंस, की अंगावरचं दूध जास्त तापलं तर त्यातलं सत्त्व जातं. तिने ते मनावर घेतलं. बटन ज्या खुणेवर ठेवायचं तिथे ती रोज सकाळी कुंकवाचा ठिपका लावायची, आणि लाईट जाईपर्यंत समोर पाटावर बसून राहायची. तू बँकेत निर्धास्त बसायचीस ती तिच्या भरवशावर. माझ्या नाही.

एप्रिलमध्ये आपल्या गल्लीचं व्होल्टेज पार पडलं. पंख्याची पाती मोजता येत होती. एका बाटलीला वीस मिनिटं लागायला लागली आणि तेवढा वेळ मधू घर डोक्यावर घ्यायची. एका दुपारी मी जेवायला बसलो होतो. आई म्हणाली, "बाप मेकॅनिक, अन् लेकरू रडून राह्यलं." ती सहज म्हणाली. मला झोंबलं. ताटावरून उठलो, मशीन उलटं केलं आणि दहा मिनिटांत थर्मोस्टॅट बाजूला करून तार थेट जोडली. मग बाटली ठेवून घड्याळ लावलं. सात मिनिटांत दूध छान कोमट. काय फुशारलो होतो मी! तुला सांगितलं नाही, कारण तू हात लावू दिला नसतास.

आईला म्हणालो, "आता लाईटकडे पाहूच नको. घड्याळ पाय. सात मिनिटं झाले का पिन काढ." तिने दोनदा विचारलं, "सातच ना?" मी म्हणालो, सातच. नऊ दिवस तिने सात मिनिटांनी पिन काढली आणि नऊ दिवस दूध बरोबर निघालं. तुलाही दूध लवकर तापतं हे कळत नव्हतं, कारण तू त्या वेळी बँकेत असायचीस, आणि रविवारी तू स्वतः अंगावरच पाजायचीस.

बावीस तारखेला सकाळी गल्लीच्या टोकाला विजेची नवी डीपी बसवली. अकरा वाजता वीज आली तेव्हा पंखा असा सुटला म्हणतात, की आपल्या घरातलं कॅलेंडर खिळ्यावरून पडलं. दुकानात मी मीटर लावून पाहिलं, दोनशे पस्तीस. आदल्या दिवशी एकशे साठ होतं. व्होल्टेज दीडपट झालं की गरमी दीडपट होत नाही, दुपटीच्या वर जाते. हे मी गिऱ्हाइकांना बोटं मोजून मोजून सांगत आलो. पण दोनशे पस्तीसचा आकडा पाहून मला एवढंच सुचलं, की आता कूलरच्या मोटारी जळतील आणि काम येईल. घरी एक फोन करावा हे सुचलं नाही.

बारा वाजता आईने बाटली ठेवली. सात मिनिटांनी काढली. हातावर थेंबही टाकून पाहिला, तू शिकवलं होतंस तसा. पण चाळीस वर्षं तव्यावरची भाकर बोटांनी उलटवणारा तो हात, त्याला काय कळणार.

आणि आता ते, जे लिहायचं मी महिनाभर टाळतो आहे. दवाखान्यात तू विचारलंस, "लाईट गेल्यावरच काढलं होतं ना, आई?" ती म्हणाली, "सातच मिनिटं ठेवलं व बाई." तू म्हणालीस, "सात कुठून आले? लाईट पाहायचा होता ना!" तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. आणि मी, तिचा मुलगा, म्हणालो, "लाईट गेल्यावर काढायचं हे तुले कितीदा सांगतलं आई!"

तिने मान खाली घातली. त्यानंतर तिने माझं नाव कुठे घेतलं नाही. तुझ्यापुढे नाही, नितेशपुढे नाही, वलगावलाही नाही.

इतक्यावर मी थांबलो नाही. संध्याकाळी चहा आणतो म्हणून दवाखान्यातून निघालो. चहाला सव्वा तास लागला हे विचारण्याच्या स्थितीत तू नव्हतीस. मी घरी गेलो, थर्मोस्टॅट परत जोडला, स्क्रू पुसून आवळले, पाणी घालून एकदा चालवून पाहिलं. लाईट वेळेवर गेला तेव्हा मला हायसं वाटलं, हर्षा. पोरगी सलाईनवर होती आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी नितेशने जे तपासलं आणि आईला खोटं ठरवलं, ते हे मशीन.

मधूचं झालं ते माझ्या शहाणपणाने झालं. आईचं केलं ते मी समजून उमजून केलं. पहिल्याची माफी मागता येईल असं वाटतं. दुसऱ्याची कशी मागायची ते मला कळत नाही.

तू पंधराला येणार आहेस. हे पत्र पेटीत टाकलं नाही तर तू येशील, मधू येईल, आई वलगावला मोजत बसेल आणि कोणाला काही कळणार नाही. मी चार दिवस हाच विचार करत होतो. तसं राहता येईल का, हे मी खरोखर जोखून पाहिलं. राहता आलं असतं, याचीच मला भीती वाटली. म्हणून आत्ता, दुकान उघडण्याआधी, पोस्टात जातो.

गजेंद्र

अमरावती, १२ जून

हर्षा,

पत्र तुला मिळालं असणार. फोन नाही, निरोप नाही. मीही केला नाही.

काल वलगावला जाऊन आईला सांगितलं. ती मामीबरोबर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मामा-मामी दोघंही बसलेले असतानाच बोललो, कारण तिला दोष दिला तोही चारचौघांत दिला होता. नवी डीपी, व्होल्टेज, तार, दवाखान्यातून चहाला जाणं, सगळं सांगितलं. तिला व्होल्टेजचं किती कळलं माहीत नाही. हातातली जुडी तिने खाली ठेवली.

"म्हंजे माह्ये सात बरोबर होते?"

"बरोबर होते, आई."

"पक्के सात?"

"पक्के सात."

ती घड्याळाकडे पाहत राहिली. मामी पदर डोळ्याला लावून उठून गेली. मला वाटलं आई रडेल, नाहीतर एक थोबाडीत देईल. दोन्हींपैकी काहीतरी व्हावं असं मला फार वाटत होतं.

"मंग तवा काहून नाही बोलला तू?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. "बोलला असता तं हर्षा तुह्यावर रागावली असती. दोन दिस, चार दिस. मले तं तिनं लेकरू हाती द्याचंच बंद केलं रे."

 तिला द्यायचं उत्तर इथे लिहितो. मी बोललो नाही, कारण बायकोसमोर, तिच्या शिकलेल्या भावासमोर, मी कच्चा मेकॅनिक ठरलो असतो. एवढंच कारण. त्यासाठी मी आईला वेंधळी ठरवलं.

मामाने मला जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही. आईने जेवायला वाढलं. ती समोर बसली नाही. मी भाकर कोरडीच गिळली आणि निघालो. तिने घड्याळ खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जाय. आता नाही लागत."

पंधराला मी घरी असेन. दार उघडं असेल. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

गजेंद्र

दुकान, अमरावती, ३० जून

हर्षा,

आपल्या घरापासून तीन गल्ल्यांवर बसून आपल्याच घरी पत्र लिहितो आहे. पोस्टात टाकणार नाही, आईच्या हाती देईन.

पंधरा तारखेला मी सकाळपासून ओट्यावर बसलो होतो. दुपारी मामाचा फोन आला, की नितेशची गाडी सरळ वलगावला आली, हर्षा उतरली आणि घरात शिरता शिरता तिने मधूला आईच्या मांडीवर ठेवलं.  तू आईच्या पाया पडलीस, हे मामीने नंतर सांगितलं. आई म्हणाली म्हणे, "उठ व, लेकरू पडन." 

संध्याकाळी तुम्ही तिघी दारात आलात. मधूने माझ्याकडे पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं. तू शांतपणे म्हणालीस, "तुम्ही या घरात असाल तोवर आम्ही तिघी इथे पाय ठेवणार नाही." मी आईकडे पाहिलं. दवाखान्यात तिने माझ्याकडे पाहिलं होतं तसं. ती जमिनीकडे पाहत राहिली. मी दोन कपडे घेतले आणि निघालो. मला राग आला नाही. तुझं वाक्य मी ओळखलं होतं, आणि ह्या वेळी ते बरोबर माणसाला लागलं होतं.

दुकानात बरं चाललं आहे. फळीवर पाटी लिहून लावली आहे: 'कोणतीही वस्तू डायरेक्ट करून मिळणार नाही.' गिऱ्हाइकं कारण विचारतात. मी सांगतो. पहिल्यांदा सांगताना कान तापले, अजूनही तापतात. गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे, की म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. काही जण दुसऱ्या दुकानात जाऊ लागले आहेत. जाऊ देत.

मधूच्या खालच्या ओठाला बारीक डाग राहिला आहे, असं आई सांगत होती. मोठी झाली की ती आरशात पाहून विचारेल. तेव्हा ही पत्रं तिला दे. ९ मेचं आणि ३ जूनचंही दे, खोटी आहेत म्हणून काढून टाकू नकोस. तिच्या बापाने काय काय लपवलं तेही तिला कळू दे. फक्त दोष देताना आजीचं नाव कोणी घेऊ नये.

आई रोज एक वाजता डबा घेऊन येते. स्टुलावर बसते, मी जेवेपर्यंत पंख्याखाली वारा घेते, फार बोलत नाही. आज मात्र स्वतःहून म्हणाली, की तू पुन्हा बँकेत जायला लागलीस आणि दुपारची बाटली आता तीच देते. "हर्षानं मशीन माह्याच हाती देल्लं. म्हने, आई, तुमीच देजा." बटनावर पुन्हा कुंकवाचा ठिपका लावला आहे, हे सांगताना ती थोडी हसली.

 घास तसाच हातात धरून मी म्हणालो, "आई, आता तो लाईट जाते. घड्याळ नको पाहू. लाईट गेला का मंगच—"

तिने हात वर करून मला थांबवलं.

"तू नको सांगू. हर्षानं सांगतलं मले."

कालचा रिकामा डबा तिने पिशवीत टाकला आणि ती निघाली, शेजारणीकडे ठेवलेल्या मधूच्या दुधाची वेळ झाली होती. मी तिला जाताना पाहत राहिलो. एकदा माझ्या सांगण्यावर तिने पुरता विश्वास ठेवला होता, हर्षा. तिने दोनदा विचारलं होतं, सातच ना, आणि मी सातच म्हणालो होतो.

गजेंद्र